चांद दिसला तर

रमजानचे शेवटचे दिवस आले की ऑफिसात मला दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो. "तुमची ईद नक्की कधी आहे?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्याला त्याचं कॅलेंडर भरायचं असतं. मी म्हणते, "सोमवार किंवा मंगळवार. चांद दिसला तर सोमवार." मग तो हसून म्हणतो, "तुमच्या चंद्राला सांगा ना, जरा आधी कळवायला." मीही हसते. बारा वर्षं हसत आले आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मात्र मला हसू आलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

मी वकील आहे, पण काळा कोट घालून कोर्टात उभी राहणारी नव्हे. एक कंपनी दुसरीला विकली जाते, कुणी बाहेरचा गुंतवणूकदार पैसे घालतो, तेव्हा जे शेकडो पानांचे करार होतात, ते लिहिणाऱ्यांपैकी मी एक. मुंबईतल्या एका मोठ्या फर्ममध्ये काम करते. आमच्याकडे वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजला जातो. दहा तुकड्यांचा एक तास, आणि प्रत्येक तुकड्यासमोर लिहायचं की तो कुठल्या अशिलासाठी खर्च झाला. नमाजला दोन तुकडे लागतात. ते कुणाच्याच नावावर लिहिता येत नाहीत.

सुरुवातीची काही वर्षं मी रोजे ठेवते हे टीममध्ये कुणाला माहीतच नव्हतं. सगळे कॉफी घ्यायचे तेव्हा मीही एक कप घ्यायचे आणि मीटिंग संपेपर्यंत तो हातात धरून बसायचे. संपल्यावर बेसिनमध्ये ओतून द्यायचे. कुणी मना केलं होतं का? नाही. पण टीममध्ये मी एकटीच मुसलमान. एकटं असलं की आपण आपल्या एकट्याचे राहत नाही. मी थकलेली दिसले तर "रोज्यामुळे कामावर परिणाम होतो" असं कुणाच्या तरी मनात येईल, आणि माझ्यानंतर एखाद्या मुलीचा अर्ज आला की ते आठवेल. ही भीती खरी होती की मीच वाढवलेली, हे मी आजही सांगू शकत नाही. पण ती कॉफी मी दररोज ओतून देत होते, एवढं खरं.

आता २०१९ ची ईद. ५ जून, बुधवार. मी गावी गेले होते, चिपळूणजवळ. सुट्टी रीतसर मंजूर होती. सकाळी साडेदहाला मेसेज आला, एका करारावर "फक्त पंधरा मिनिटांचं" काम आहे. आमच्या घरात मोबाईलला रेंज नीट येत नाही. गच्चीच्या एका कोपऱ्यात येते, पाण्याच्या टाकीच्या बाजूला. मी नवे कपडे घालून त्या टाकीला टेकून चार तास बसले. खाली पाहुणे येत होते, जात होते. अम्मीने शीरखुर्म्याची वाटी दोनदा वर पाठवली, दोन्ही वेळा तशीच खाली गेली. अब्बा एकदा वर आले, माझ्याकडे पाहिलं, छत्री उघडून माझ्या डोक्यावर टाकीला अडकवून ठेवली आणि काही न बोलता खाली गेले.

अडीच वाजता मी सुधारलेला करार समोरच्या पक्षाला पाठवला. गुंतवणूकदार दुबईचा होता. एका मिनिटात उत्तर आलं. ते माणसाचं नव्हतं, आपोआप जाणारं होतं: ईदच्या सुट्टीनिमित्त आमचं कार्यालय बंद आहे, पुढच्या आठवड्यात संपर्क साधू, ईद मुबारक.

ज्यांच्यासाठी मी ईद सोडून गच्चीवर बसले होते, ते ईद साजरी करत होते.

ही गोष्ट मी नंतर बऱ्याच जणांना विनोद म्हणून सांगितली. विनोद चांगलाच आहे. पण त्यात एक प्रश्न आहे, तो मी बरीच वर्षं टाळला. त्या दिवशी "आत्ता नाही, उद्या सकाळी करते" असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? काहीही झालं नसतं. मला कुणी अडवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

*

आमच्या धंद्यातली एक गंमत सांगते. आम्ही लिहितो त्या प्रत्येक करारात सुरुवातीलाच एक व्याख्या असते, "बिझनेस डे" म्हणजे काय याची. साधारणपणे ज्या दिवशी मुंबईतल्या बँका चालू असतात तो. समोरचा पक्ष सिंगापूरचा असेल तर सिंगापूरच्या बँकाही. देणं सुट्टीच्या दिवशी आलं तर ते पुढच्या कामाच्या दिवशी द्यायचं, असं आम्ही लिहून ठेवतो. कायद्यातही सुट्टीला मान आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम २५ नुसार हुंडी किंवा वचनचिठ्ठी सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी देय झाली, तर ती आधीच्या कामाच्या दिवशी देय झाली असं मानतात. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १० नुसार मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोर्ट किंवा कचेरी बंद असेल, तर ती उघडेल त्या दिवशी केलेलं काम मुदतीत धरलं जातं. म्हणजे हुंडीला सुट्टी आहे, मुदतीला सुट्टी आहे. ती व्याख्या रात्री दीड वाजता टाइप करणाऱ्याला मात्र नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगारांना वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि बाकीच्या चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. वकिलाचं ऑफिस असल्या कायद्यांत बसतं का, हा वाद जुना आहे. केरळच्या अशाच एका कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितलं होतं की वकिलांचं कार्यालय हे दुकानही नाही आणि व्यापारी आस्थापनाही नाही. वकिली हा व्यवसाय आहे, धंदा नाही, हा त्यामागचा जुना मान. तो मान मोठा आहे, मला त्याचा अभिमानही आहे. फक्त मानाच्या माणसाला सुट्टी कुणाकडे मागायची हे कुठे लिहिलेलं नसतं.

मला या सगळ्यात अब्बांचा ड्युटी चार्ट आठवतो.

अब्बा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्याच बरोबर लागलेले दुसरे एक कंडक्टर होते, त्यांना आम्ही भावंडं काका म्हणायचो. दोघांचा एक अलिखित करार होता. गणपतीत मुंबईहून जादा गाड्या सुटतात, दिवाळीत तर श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या दिवसांत काकांची ड्युटी अब्बा करायचे. भाऊबीजेला अब्बा आमच्या घरी कधी नसायचेच. आणि दोन्ही ईदला अब्बांची ड्युटी काका करायचे. डेपोत कंट्रोलरच्या टेबलामागे चार्ट लावलेला असायचा. गणपती-दिवाळीच्या अदलाबदलीची नोंद महिनाभर आधी व्हायची. ईदची नोंद मात्र पेन्सिलीने व्हायची, आणि पुढे कंसात लिहिलेलं असायचं: चांद दिसला तर.

२००० साली रमजान ईद दोनदा आली होती, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरात. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. एखाद्या इंग्रजी वर्षाच्या दोन्ही टोकांना ती सापडते. त्यातली जानेवारीतली ईद मला आठवते. एकोणतिसाव्या रोज्याला अब्बा मुक्कामाच्या गाडीवर होते. गाडी संध्याकाळी आडगावात जायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपायचे आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत यायचे. त्या संध्याकाळी चांद दिसला. आता अब्बा सकाळच्या नमाजला कसे पोचणार? अम्मीने शेवया भाजायला घेतल्या होत्या, पण हात हळू चालले होते.

पहाटे चारला अंगणात स्कूटरचा आवाज झाला. अब्बा होते, आणि स्कूटर काकांची. काका रात्री थंडीत स्कूटर चालवत त्या गावात गेले होते. शाळेच्या व्हरांड्यात बल्बखाली बसून दोघांनी वे-बिलावर हिशेब टाकला, काकांनी तिकिटांची पेटी आणि पैशांची बॅग ताब्यात घेतली, स्कूटरची किल्ली अब्बांना दिली आणि अब्बांच्याच वळकटीवर झोपले. सकाळची गाडी त्यांनी आणली. दहा वाजता डेपोतून चालत आमच्या घरी आले, ते शीरखुर्मा खायला. पहिली वाटी त्यांनाच.

अब्बा आजही म्हणतात, सुट्टी साहेब देत नाही, बाजूचा माणूस देतो.

*

आता ते लिहिते, जे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

माझ्या हाताखाली सांगलीचा एक मुलगा आहे. हुशार, कमी बोलणारा. २०२४ च्या दिवाळीत, १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. तो घरी गेला होता. जाताना मी त्याला म्हणाले होते, "जा, फक्त लॅपटॉप जवळ ठेव." संध्याकाळी सातला मी त्याला फोन केला. एका कलमात बदल हवे होते. तो कुजबुजत बोलत होता. मागे घंटेचा आवाज येत होता, मग फटाके, मग कुणा बाईचा आवाज, "अरे, झालं का?" आम्ही चाळीस मिनिटं बोललो. म्हणजे जवळजवळ सात तुकडे. मी ते व्यवस्थित नोंदवले.

फोन ठेवल्यावर मला ती गच्ची आठवली. पाण्याची टाकी, छत्री. माझ्यावर ज्यांनी ते काम टाकलं होतं, ते बहुधा दुष्ट नव्हते. मी तरी कुठे दुष्ट होते? मलाही वरून फोन आला होता, मी तो खाली दिला एवढंच. काम वरून खाली घरंगळत येतं आणि सगळ्यात खालच्या माणसाच्या सणावर जाऊन थांबतं. मला वाटत होतं हा अन्याय माझ्यावर होतो, कारण मी मुसलमान आहे. काही अंशी ते खरंही असेल. आमचा सण बऱ्याच जणांच्या लक्षातच नसतो, आणि दिवाळी विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. पण लक्षात असूनही मी त्याची दिवाळी खाल्लीच होती. त्याला सॉरी म्हणायला मला मार्च उजाडला.

*

२०२५ चा रमजान आपल्याकडे २ मार्चला सुरू झाला. सरकारी यादीत ईदची सुट्टी सोमवार, ३१ मार्चला. आदल्या दिवशी, रविवारी ३० तारखेला, गुढीपाडवा. आणि आमच्या अशिलाला कंपनीची खरेदी ३१ मार्चच्या आतच पूर्ण करायची होती, कारण ती त्याच आर्थिक वर्षाच्या हिशेबात दिसायला हवी होती. पूर्वी बँक बंद म्हटलं की विषय संपायचा. आता १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालतं, पैसे ईदलाही जातात आणि पाडव्यालाही. त्यात वर्षअखेर म्हणून सरकारी व्यवहार करणाऱ्या बँक शाखा ३१ मार्चला उघड्या ठेवा असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं, आणि आयकर कार्यालयं २९, ३० आणि ३१ मार्च असे तिन्ही दिवस चालू राहणार होती. मग ३१ मार्च हा "बिझनेस डे" की नाही, यावर समोरच्या वकिलांशी माझे नऊ ईमेल झाले. माझी ईद हा सुट्टीचा दिवस आहे की नाही, यावर मी स्वतःच उपवासाच्या पोटी वाद घालत होते.

रमजानच्या पहिल्याच आठवड्यात मी आमच्या पार्टनरला ईमेल लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात तीनदा "क्षमस्व" होतं. दुसऱ्यात ईदचं महत्त्व समजावणारा एक परिच्छेद होता, जणू मी कुणाला शाळेत शिकवत होते. तिसऱ्यात "शक्य झाल्यास". करार लिहिताना आम्ही "शक्य झाल्यास" हे शब्द शोधून शोधून काढून टाकतो, कारण त्यांचा अर्थ "नाही" असा होतो. शेवटी जे पाठवलं ते दोन ओळींचं होतं. ईद ३१ मार्च किंवा १ एप्रिलला आहे. ज्या दिवशी असेल त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत मी फोनवर किंवा ईमेलवर उपलब्ध नसेन, दोननंतर असेन.

पूर्ण दिवस मागितला नाही. हे काहींना कमी वाटेल, मलाही कधी कधी वाटतं. पण मला जे पाळता येईल आणि पाळून घेता येईल तेवढंच मी लिहिलं.

हे लिहिताना मनात एक गोष्ट पक्की होत गेली. आपल्या दीनमध्ये कामाला तुच्छ मानलेलं नाही. सूरह जुमुआमध्ये सांगितलं आहे की नमाजची हाक आली की देवघेव बाजूला ठेवा, आणि नमाज झाली की पुन्हा पांगा, रोजी शोधा. आपल्याकडे सबंध दिवस हात बांधून बसायचा वार नाही. पण जेवढा वेळ आहे तेवढा आहे. आणि ईदचा नियम तर मला फारच आवडतो: त्या दिवशी रोजा ठेवायला मनाई आहे. महिनाभर ज्या कष्टाचं पुण्य होतं, तेच कष्ट त्या दिवशी केले तर चूक. इबादतीलासुद्धा "आता पुरे, आज खा" असं सांगितलेलं आहे. मग क्लोजिंग कॉलची काय कथा!

फितऱ्याचंही तसंच आहे. तो नमाजच्या आधी पोचवायचा, म्हणजे ज्याच्या घरी काही नाही त्याच्याकडेही त्या सकाळी चूल पेटावी. आमच्या भाषेत सांगायचं तर ती पूर्वअट आहे. दुसऱ्याची ईद झाल्याशिवाय तुमची पूर्ण होत नाही.

पार्टनरचं उत्तर आठ मिनिटांत आलं. मी मोठ्या वादाची तयारी करून बसले होते. उत्तरात तीन शब्द होते. "ओके. कव्हर कोण?"

प्रश्न अगदी रास्त होता. आणि त्याचं उत्तर एकच होतं: सांगलीचा तो मुलगा.

*

मी त्याला कँटीनमध्ये घेऊन गेले. तो चहा प्यायला, मी नुसती बसले. आधी नोव्हेंबरचं बोलले. तो गोंधळला. "ठीक आहे मॅम, तसं चालतंच ना," म्हणाला. मी म्हटलं, "चालतं, पण चालायला नको होतं." मग तो थोडा वेळ चहाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आई त्या दिवशी प्रसादाचं ताट घेऊन दाराशी उभी होती."

मग मी अब्बांची आणि काकांची गोष्ट सांगितली. यंदा त्यांनी सांगलीत घर बांधलं होतं आणि नव्या घरावरची पहिली गुढी होती. सुट्टी मागायचं त्याच्या मनात होतं, पण ३१ मार्च तोंडावर असताना तोंड उघडत नव्हतं. आम्ही ठरवलं: शनिवार-रविवार सगळं माझ्याकडे, त्याने लॅपटॉप मुंबईतच ठेवायचा. रविवारी रात्रीच्या गाडीने तो परत येईल आणि सोमवारी सकाळपासून दोनपर्यंत सगळं त्याच्याकडे.

"पण मॅम, चांद नाही दिसला तर?"

"तर सोमवारीही मीच. मंगळवारी ईद, तेव्हा काम संपलेलं असेल."

त्याने वहीत लिहून घेतलं. मी वाकून पाहिलं. मराठीत लिहिलं होतं, आणि पुढे कंस होता.

३० मार्चला, पाडव्याच्या दिवशी, एकोणतिसाव्या रोज्यात मी सकाळी आठपासून घरच्या टेबलावर बसून सह्यांची पानं जुळवत होते. अब्बा-अम्मी शेवटच्या अशऱ्यासाठी मुंबईला आमच्याकडे आले होते. अब्बांनी दोनदा विचारलं, "त्याला फोन नाही ना केलास?" नव्हता केला. एकदा तर हात फोनकडे गेला होता. एक यादी त्याच्याकडे होती, विचारलं असतं तर दोन मिनिटांत मिळाली असती. मला शोधायला पन्नास मिनिटं लागली. लक्ष्मीपूजनाला त्याची जवळपास तेवढीच मिनिटं गेली होती.

संध्याकाळी इफ्तार करून पाण्याचा ग्लास खाली ठेवला तोच त्याचा मेसेज आला. एक फोटो होता, अंधुक, हललेला. गच्चीचा कठडा, त्यावर नुकत्याच उतरवलेल्या गुढीची काठी टेकवलेली, आणि वर आभाळात नखाएवढी रेघ. खाली लिहिलं होतं, "मॅम, दिसला! सोमवार माझा."

आमच्याकडे रुयत-ए-हिलाल कमिटीची बातमी त्यानंतर आली. शरिया बघता त्याची साक्ष कुणी धरली नसती, पण अब्बांनी धरली. फोन हातात घेऊन त्यांनी तो फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "बीज दिसली बघ." चांद नाही म्हणाले, बीज म्हणाले. कोकणात वाढलेल्या माणसाच्या तोंडून तसंच येतं. दोन्ही पंचांगं चंद्राचीच, एकाने अधिक महिना घालून ऋतू धरून ठेवले आणि दुसऱ्याने सोडून दिले, एवढाच फरक. पाडव्याची प्रतिपदा सरली की संध्याकाळी दिसते ती बीजेचीच कोर. आणि भाऊबीजेला अब्बा ज्या कोरीखाली तिकिटं फाडत असत, तीही तीच, फक्त महिना वेगळा.

*

ईदच्या सकाळी फोन मी कपाटात ठेवला. बंद केला नाही, तेवढी हिंमत झाली नाही. पुरुष नमाजहून आले, गळाभेटी झाल्या, अब्बांनी सगळ्यांना नव्या नोटांची ईदी दिली. मलाही दिली, पस्तिशीच्या बाईला. अकरा चाळीसला कपाटातून आवाज आला. मग परत. मग तिसऱ्यांदा. मी कपाट उघडून नाव पाहिलं. पार्टनरचं होतं. हॉलमध्ये सगळे गप्प झाले होते, अम्मीचा डाव पातेल्यात थांबला होता.

मी फोन परत ठेवला. हात थरथरत होता, हे खोटं कशाला सांगू. नंतर वीस मिनिटं मी काय खाल्लं, काय बोलले, मला आठवत नाही. सीमा आखणं म्हणतात ते बाहेरून फार निश्चयाचं दिसतं. आतून ते असं असतं.

दोन वाजता लॅपटॉप उघडला. एका संचालकाच्या सहीचं पान राहिलं होतं. मुलाने ते पावणेबारापर्यंत मिळवलं होतं, पार्टनरला कळवलं होतं, आणि मला एकच ओळ लिहिली होती: "सगळं ठीक, ईद मुबारक मॅम, दोनच्या आधी उघडलंत तर मी बोलणार नाही." रात्री साडेदहाला पैसे पोचल्याचा निरोप आला. व्यवहार पूर्ण झाला.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण वर्षाच्या मूल्यमापनात माझ्या नावापुढे एक वाक्य आलं: महत्त्वाच्या टप्प्यांवर उपलब्धतेबाबत सुधारणा अपेक्षित. ते साडेतीन तासांबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, मी विचारलं. स्पष्ट उत्तर मिळालं नाही. बढती त्या वर्षी झाली नाही. त्याचा ईदशी संबंध असेलच असं मी म्हणणार नाही, आणि नसेलच असंही नाही. जे वाचक अशाच ठिकाणी काम करतात त्यांना हे सांगणं मला गरजेचं वाटतं. किंमत असते. ती आधी माहीत असलेली बरी.

पण एकट्याने दिलेली किंमत आणि चौघांनी मिळून केलेली व्यवस्था यांत फरक आहे. अब्बांच्या वाक्यातलं अर्धंच मी इतकी वर्षं ऐकत आले होते. बाजूचा माणूस सुट्टी देतो हे खरं, पण काकांची स्कूटर निघू शकली कारण डेपोत चार्ट होता. कोण कुठे आहे हे भिंतीवर लिहिलेलं होतं, अदलाबदलीची नोंद करणारा कंट्रोलर होता. नुसत्या चांगुलपणावर सण सोडला तर चांगला माणूस रजेवर असताना काय करायचं?

मुंबईत आपण हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेलं आहे. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. मुस्लिम संघटनांनी जुलूस एक दिवस पुढे ढकलला आणि सरकारने २९ ची सुट्टी जाहीर केली. लोक आधी बसले, बोलले, ठरवलं, आणि मग ते कागदावर आलं.

म्हणून आता आमच्या टीममध्ये एक चार्ट आहे. सात माणसं. प्रत्येकाने वर्षाच्या सुरुवातीला आपले चार दिवस लिहायचे, कारण विचारलं जाणार नाही. वसईच्या मुलीने गुड फ्रायडे आणि नाताळ लिहिला. एकाने संवत्सरी लिहिली. एकाने ६ डिसेंबर लिहिला, चैत्यभूमीला जायला. तो सहा वर्षं आमच्यात आहे, दर ६ डिसेंबरला तो उशिरा आणि दमून का येतो हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. एक जण कुठलाच सण मानत नाही, त्याने आईच्या डायलिसिसचे दिवस लिहिले. आणि माझ्या दोन ओळींपुढे पेन्सिलीने कंस आहे. पार्टनरने चार्टला होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण परवा त्यांनी एका अशिलाला माझ्यासमोर सांगितलं, "त्या दिवशी नको, टीम अपुरी आहे." चार्ट बघूनच बोलले असणार.

अब्बांना मी त्याचा फोटो पाठवला. त्यांनी लगेच फोन केला.

"कंट्रोलर कोण आहे?"

"सध्या मीच, अब्बा."

"मग आधी दुसऱ्यांच्या सुट्ट्या लाव," ते म्हणाले. "आपली पेन्सिलीनेच ठेव. आपल्याला सवय आहे."